बाटली दुकानातली

मानवतच्या त्या खतवाल्याला काहीही विचारा, त्याचा हात आधी मागच्या फळीकडं जातो. गिऱ्हाईकाचं बोलणं संपायच्या आत टॉनिकची बाटली समोर. "हे मारा, लय भारी हाय," म्हणायचं आणि पुढच्या माणसाकडं बघायचं.

त्या दिवशी माझ्या पुढं एक म्हातारी होती. सोयाबीनचं कोवळं पान तिनं ओल्या फडक्यात जपून आणलं होतं. पान पिवळं पडलेलं, शिरा तेवढ्या हिरव्या. "ह्याला काय कमी पडायलंय, बाबा?"

त्यानं पान घेतलं, त्याच पानानं बाटलीवरची धूळ पुसली आणि ते खाली टाकलं. माझं डोकं फिरलं. "अहो, बघा तरी त्या पानाकडं."

"सगळंच हाय ह्याच्यात, गुरुजी. पान कशाला बघायचं?"

म्हातारी बाटली पिशवीत घालून गेली.

पुढच्या आठवड्यात त्या खतवाल्याच्याच शेतावरून जाताना गाडी थांबवली. हा बांधावर उकिडवा बसून सोयाबीनचं पान उन्हाला धरून निरखत होता.

"शिरा हिरव्या हायेत, म्हंजी लोह कमी हाय. नुस्ती लोहाची हिराकस फवारायलोय," तो म्हणाला.

"आणि ती बाटली?"

"ती दुकानातली हाय," तो म्हणाला आणि पुढचं पान तोडलं.