उपकेंद्राच्या फाटकावरचे मामेसासरे

अमरावती जिल्ह्यातलं एकही वीज उपकेंद्र आजवर कोणी उडवून दिलं नाही, याचं सगळं श्रेय माझ्या मामेसासऱ्यांना आहे. निदान त्यांचं तरी तसं प्रामाणिक मत आहे, आणि पूर्वी त्यावर पोट धरून हसणारा मी आता त्याच मताला येऊन पोचलो आहे. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. परतवाडा रोडवर, संत्र्यांच्या बागा सुरू होतात तिथल्या एका मोठ्या उपकेंद्राच्या फाटकावर त्यांनी बावीस वर्षं पहारा केला. अंगकाठी तुराटीसारखी, पण खाकी सदरा चढवला की चालण्यात असा काही रुबाब यायचा की फाटकासमोरच्या शेळ्यासुद्धा रस्ता बदलायच्या. एकदा वरून परिपत्रक आलं : वीजकेंद्रांना अतिरेक्यांपासून धोका संभवतो, दक्षता बाळगावी. बाकी सगळीकडे ते फायलीत गेलं. मामेसासऱ्यांनी मात्र ते लॅमिनेट करून आणलं आणि चौकीत गजाननाच्या तसबिरीशेजारी टांगलं. रोज उदबत्ती दोघांनाही ओवाळली जायची.

तेव्हापासून सगळं जग त्यांच्या नजरेत संशयित झालं. एसटीत कोणी सहज विचारलं, ‘काका, नोकरी कुठं?’ तर उत्तर मिळायचं, ‘आहे अशीच इकडं तिकडं.’ घरात ‘उपकेंद्र’ हा शब्द बंद झाला. मामी बिचारी ‘तिथं डबा नेता का आज?’ असं विचारायची. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांना भेटायला फाटकावर गेलो, तर त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं, गाडीचा नंबर लिहून घेतला आणि ‘येण्याचे कारण’ या रकान्यापाशी पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं.

‘मामाजी, मी तुमचा जावई!’

‘घरी जवाई. येथी तुमी अनोळखी.’

पण दारी आलेल्याला चहा न पाजता परत धाडायचं, हे वऱ्हाडी माणसाच्या हातून होत नाही. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. फाटकाबाहेर एक बाकडं टाकलेलं होतं. पाहुण्याने त्यावर बसायचं आणि फाटकाच्या गजांतून आलेली कपबशी घ्यायची. ‘च्या पाजतो, पन आत नाई सोडत,’ हे त्यांचं धोरण. लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या एका फोटोग्राफरचा ड्रोन उपकेंद्रावर घिरट्या घालायला लागला, तेव्हा त्यांनी शिट्टी फुंकून फुंकून तो खाली उतरवायला लावला, पिठाच्या डब्यात बंद केला, आणि नवरानवरीला बाकड्यावर बसवून पोलीस येईपर्यंत दोनदा चहा पाजला.

हा कडकपणा एक दिवस अंगाशी आला. ऐन मे महिन्यात एक मोठे साहेब आले आणि त्यांचं ओळखपत्र दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिलं होतं. ते घरून येईस्तोवर साहेब चाळीस मिनिटं बाकड्यावर घाम पुसत बसले. आत गेल्या गेल्या त्यांनी पत्र काढलं : आणखी एक तक्रार आली, तर या गृहस्थांना फाटकावरून काढून शहरातल्या कचेरीत फायली वाहायला पाठवावं. मामेसासऱ्यांचं जेवण उडालं. ‘फायली राखून काय करू मी? फाईल कोन उडवते?’ असं ते मला म्हणाले, तेव्हा मला हसू आलं नाही. मी शहाण्यासारखा सल्ला दिला, ‘थोडं नरमाईनं घ्या.’

पंधरा दिवसांनी पांढऱ्या गाडीतून चौघे जण उतरले. फेटे बांधलेले, हातात मिठाईचा मोठा डबा आणि कुंकू लावलेली लग्नपत्रिका. आतल्या इंजिनिअर साहेबांना आमंत्रण द्यायचं होतं. आमच्याकडे पत्रिका घेऊन आलेल्या माणसाला कोणी उंबऱ्याबाहेर ठेवत नाही. तो थेट आत येतो, पाणी पितो आणि जेवूनच जातो. साहेबांनीही फोनवर सांगितलं, ‘नातेवाईक असतील, सोडा.’ पण मामेसासऱ्यांनी चष्मा पुसून पत्रिका अथपासून इतिपर्यंत वाचायला घेतली. मोठ्या फेटेवाल्याचा आवाज चढला.

‘लग्नाचं आमंत्रण अडवता? मी वर तक्रार करीन तुमची!’

आणखी एक तक्रार म्हणजे शहरातल्या फायली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलंच, ‘नवरीचे मामा कोन हायेत, भाऊ?’

पत्रिकेत आजोबा होते, काका होते, आत्या होत्या, दुडुदुडु धावणारी पोरंटोरं होती. मामा नव्हता.

‘मामा... नाहीत तिला.’

‘मंग अंतरपाटापाशी नवरीले आनन कोन? सख्खा नसन तं चुलत असते, चुलत नसन तं मानलेला असते. मामाबिगर पत्रिका छापत नाई आपल्याकडं. हे लगनच खोटं हाय!’

एवढं बोलून त्यांनी फाटकाला दुसरं कुलूप ठोकलं, शिट्टी फुंकली, आत फोन करून पोलिसांना बोलवायला लावलं, आणि मग चौघांना गजांतून चहा दिला. तेव्हा मोठा फेटेवाला फेटा काढून खो खो हसायला लागला. तो वरून आलेल्या तपासणी पथकाचा प्रमुख होता. डब्यात पेढे नव्हते; एक वीट होती आणि तिच्यावर खडूने ‘बॉम्ब’ लिहिलं होतं. याच पत्रिकेवर हे लोक आधी तीन फाटकांतून बिनबोभाट आत गेले होते, आणि एका ठिकाणी तर त्यांना आग्रहाने पुरणपोळी वाढली होती.

पुढे अमरावतीला सत्कार झाला. चाळीस मिनिटं घाम पुसणाऱ्या त्याच साहेबांनी मामेसासऱ्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि ‘निवृत्तीपर्यंत हे फाटक यांचंच’ असं भर सभेत जाहीर केलं. टाळ्या थांबेनात. आमच्या गोतावळ्यातले एकूण एक मामा छाती काढून पहिल्या रांगेत बसले होते, आणि मामी दिसेल त्याच्या हातावर पेढा ठेवत होती. खरे पेढे. नरमाईचा सल्ला देणारा मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतो.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. आता संध्याकाळी परतवाड्याच्या घराच्या गच्चीवर खुर्ची टाकून बसतात. परवा मीही शेजारी जाऊन बसलो. अंधारून आलं, गावात एकेक करत दिवे लागत गेले, आणि ते मान वळवून वळवून सगळीकडे बघत राहिले.

‘काय पाहता, मामाजी?’

‘सारे लागले का, ते पाहून राहिलो.’ मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘लाईन गेली तं सारं गाव वरडते, जवाई. गेली नाई, हे कोनाच्या ध्यानात येते?’

मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि डोळ्यांत पाणीही आलं. खाली मामीने ताटं वाढल्याची हाक दिली, तरी आम्ही दोघं थोडा वेळ तसेच दिवे बघत बसलो.