ओट्यावरचं शेवटचं पान

साल २०२३, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंतच, तरी सारी जिंदगी लिहून काढली होती. नांदुऱ्याला एक माणूस आला होता. नव्या लेखकांची पुस्तकं तो प्रकाशकांकडे नेत असे. प्रत्येकाचं शेवटचं पान तो आधी वाचायचा. वाचताना त्याची पापणी लवत नसे.

माझ्या शेवटच्या पानात मी सकाळी ओट्यावर चहा पिता पिता मरतो. ते वाचून त्यानं रुमालानं बोटं पुसली.

"बाबा, एवढं पान फाडा, मग पुस्तक नेतो. असं लिहिणाऱ्यांची पुस्तकं मला नंतर त्यांच्या पोरांकडूनच मिळाली."

"काऊन फाडू? माह्या गोष्टीचा शेवट दुसरा लिहीन काय?"

वही उचलून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हट्टानं ओट्यावरच बसलो. सुनेनं चहा आणून ठेवला. तो मात्र मी घेतला नाही.