क्लाराच्या खोलीची किल्ली

परतूर स्टेशनवर मला सोडायला अण्णा, आई आणि धाकटा भाऊ संजू आले होते. आदल्या दिवशी आम्ही रजिस्ट्री ऑफिसात जाऊन आलो होतो. हक्कसोडपत्रावर सही करून मी शेतातला आणि घरातला माझा वाटा संजूला दिला होता. आमच्याकडे बहिणी तो तसाच सोडतात आणि भाऊ साडी घेतो. मला हिरवी पैठणी मिळाली.

गाडी हलली तसा संजू खिडकी धरून चालू लागला. "ताई, कवाबी ये. तुझी खोली तुझीच हाय. घर काय पळून चाल्लं का?"

अण्णा म्हणाले, "पोरीनं सोडलं म्हंजे घर एक राहतं."

नवऱ्याची नोकरी दक्षिण जर्मनीत होती. मला काम मिळालं ते एका बारोनच्या, म्हणजे जुन्या सरदार घराण्यातल्या माणसाच्या घरी. जर्मनीतली सरदारकी कायद्याने कधीच संपली. पदवी आता आडनावाचा भाग म्हणून उरली आहे. तरी गावातला खाटीक त्यांना 'हेर बारोन', म्हणजे बारोनसाहेबच म्हणतो. पाटीलकी गेल्यावरही अण्णांना कुणी नावाने हाक मारली नव्हती, ते 'पाटील'च राहिले. बारोन कोपरावर विरलेला स्वेटर घालतात, ट्रॅक्टर स्वतः चालवतात आणि छपराचा खर्च निघावा म्हणून अर्ध्या घरात हॉटेल चालवतात. बुकिंग मी बघते. थोरली क्लारा आणि धाकटा यान ही त्यांची मुलं.

पहिल्याच हिवाळ्यात कॉफी पिताना मी बारोनना माझी हक्कसोड सांगितली, संजूने ठेवलेल्या खोलीसकट. ते खूश झाले. त्यांच्या घराण्यातही मुली नोटरीपुढे वाटा सोडतात आणि त्यांना आजीची मोत्यांची माळ मिळते. "म्हणजे तुम्ही आमच्या घरातल्याच," ते म्हणाले. हे वाक्य मी बरीच वर्षं खरं मानलं.

आई-अण्णा गेल्यानंतर मी मुलीला घेऊन परतूरला गेले. कळवलं नव्हतं. आपल्या घरी जाताना कोण कळवतं?

संजू दारातच उभा राहिला. "ताई, आधी फोन तरी करायचा. तुझ्या खोलीत मेव्हणा राहून राह्यला. आयटीआय करून राह्यला बिचारा. जालन्याला लॉजवर मस्त रूम बुक करून ठिवली असती."

"अन् आज?"

"आज बिलकुल जागा न्हाई ना. मंग चहा तरी घे."

भावजयीने पाहुण्यांचे कप काढले. मुलीने मला जर्मनमध्ये विचारलं, हे कुणाचं घर आहे?

मी परतले तेव्हा बारोनच्या घरी हक्कसोडीवरची क्लाराची सही अडली होती. तिचं म्हणणं एकच होतं: परत यायला जागा राहील ना? रविवारच्या जेवणाला बारोननी मला मुद्दाम बसवून घेतलं. "हिला सांगा, तुमच्या भावाने तुमची खोली कशी जपली आहे."

मी घडलं ते सांगितलं. मेव्हणा, चहा, लॉज, सगळं.

यान हसला. "क्लाराची काय चिंता? आपलं तर स्वतःचंच हॉटेल आहे."

बारोननी नॅपकिनची नीट घडी घातली. "घरातल्या गोष्टी घरातल्यांनीच बोलाव्यात, असं मला वाटतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मी उठले.

क्लाराने मला बाहेर गाठलं. "मला पप्पांना 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला आलं होतं?"

पुढच्याच आठवड्यात तिने सही केली.

या उन्हाळ्यात यानचं लग्न झालं. क्लाराची खोली आता चार नंबरची गेस्टरूम आहे. लग्नाला येईल तेव्हा तिच्यासाठी तीच बुक करा, असं बारोननी मला सांगितलं होतं. ती काउंटरपाशी आली तेव्हा गळ्यात मोत्यांची माळ होती. मी किल्ली पुढे केली. ती तिने थोडा वेळ हातात धरून ठेवली.

"न्याहारी किती वाजता असते?" तिने विचारलं.

"सातपासून," मी म्हणाले.

परतूरला राहिलेल्या आणि माझ्यासारख्या सही करून निघालेल्या, दोन्ही प्रकारच्या बहिणींना सांगण्यासारखं माझ्याकडे फार नाही. पैठणीची घडी अजून मोडलेली नाही. आमच्या भाड्याच्या फ्लॅटची एक किल्ली मुलीकडे असते. ती बेल न वाजवता येते, बूट वाटेतच काढते आणि जेवायला काय आहे म्हणून आतूनच ओरडते. सध्या मी घर म्हणते ते यालाच.