सोपं गाणं घ्या, काकू

मला कोणी ‘काकू’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्यातून म्हणणारी अडतीस वर्षांची आणि मी एक्कावन्नची. तेरा वर्षांच्या फरकात बाई काकू होते होय? फार तर ताई होते. पण आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना हे सांगणार कोण?

२०२०च्या गणपतीत मंडळाचा कार्यक्रम झूमवर झाला. मी अभंग म्हटला आणि वरच्या षड्जाला आवाज फाटला. फाटला म्हणजे चांगला टर्रकन फाटला. संगीत विशारद झालेली बाई मी. पाळी गेली तसा माझा वरचा सा पण गेला, आणि जाताना सांगून गेला नाही. कार्यक्रम संपल्यावर अध्यक्षीणबाईंचा फोन आला, “काकू, पुढच्या वेळी सोपं काहीतरी घ्या ना. वयाला झेपेल असं.” मी गोड आवाजात “हो हो” म्हटलं, फोन ठेवला आणि कुकरचं झाकण असं आपटलं की मुलगी वरच्या खोलीतून ओरडली, “मॅम, आर यू ग्रँड?” इथल्या बोलीत ‘ग्रँड’ म्हणजे बरं, ठीक.

“डोंबलाचं ग्रँड!” मी म्हटलं. त्यानंतर चार महिने मी तोंडातून एक सूर काढला नाही.

आमची शेजारीण जपानी. तिचा नवरा आणि माझा नवरा दोघंही रिंगास्किडीला औषधांच्या कारखान्यात. लॉकडाऊन असो नसो, सकाळी गाड्या काढून जायचे. मागे उरायचो आम्ही दोघी, आपापल्या बागेत कपडे वाळत घालत आणि पाऊस आला की पळत काढत. मध्ये कंबरेएवढं लाकडी कुंपण. तिचं इंग्रजी माझ्याहून तोकडं, त्यामुळे तिच्याशी बोलायला मला लाज वाटत नसे. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात घरच्यांखेरीज मी बोलत होते ती फक्त तिच्याशीच.

ती टॅबलेटवर कॅरिओके लावून स्वयंपाकघरात गायची. आवाज अगदी बारीक, सूर जरा खालीच. पहिल्याच आठवड्यात मी तिला तसं सांगून टाकलं होतं. सुराच्या बाबतीत मी कोणाची भीड ठेवत नाही. सख्ख्या नणंदेच्या डोहाळजेवणात तिच्या सासूबाईंना मध्येच थांबवून पट्टी बदलायला लावली होती, ते आमच्याकडे अजून निघतं. जपानी शेजारणीनं मात्र राग मानला नाही. उलट ‘सूर’ हा शब्द शिकून घेतला. गाणं म्हणून झालं की कुंपणापलीकडून मान वाकडी करून विचारायची, “सूर?” आणि मी सांगायची, “नाही. खाली.”

डिसेंबरात एकदा मी तिला अध्यक्षीणबाईंचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं एक कागद आणून दिला. बारा जपानी गाणी, शब्द रोमन अक्षरांत लिहिलेले. म्हणाली, सोपी आहेत, संथ आहेत, फार वर जात नाहीत, आपल्या वयाच्या बायकांना म्हणायला छान. म्हणजे हीसुद्धा तेच म्हणतेय! मी कागद परतच करणार होते. तेवढ्यात ती म्हणाली की त्यांच्याकडे या वयाच्या बायका दुपारच्या कॅरिओकेच्या खोलीत जातात, तिघी-चौघी मिळून. एक गाते, बाकीच्या टाळ्या वाजवतात. चांगलं कोणीच गात नाही आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. कसला हा वेड्यांचा बाजार, मी मनात म्हटलं. पण कागद ठेवून घेतला.

त्यातलं तिसरं गाणं बंदराचं होतं. बोट निघून जाते आणि धक्क्यावर एक बाई उभी राहते, एवढीच गोष्ट. भांडी घासताना मी ते गुणगुणले आणि हातातला डाव तसाच राहिला. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. अगं बाई, हा तर चक्क भूप!

मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिला भूप कळला नाही, पण तिनं एक वेगळंच सांगितलं. हे तिच्या आईचं गाणं. आई शिवणयंत्र चालवताना म्हणायची. आई आता वृद्धाश्रमात होती, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी अठ्ठ्याऐंशीची होणार होती, आणि त्यांच्यात हा वाढदिवस फार मोठा मानतात. तिला जाता येत नव्हतं. म्हणून हे गाणं स्वतःच्या आवाजात आईला पाठवायचं होतं. पण एकटीनं म्हणायला घेतलं की दुसऱ्या कडव्यात रडू यायचं, पुढे जाताच यायचं नाही. “तू बरोबर गा,” ती म्हणाली. “हळू. मला धरून ठेव. आणि सरळ गा, आई म्हणायची तसं. वळणं नकोत.”

“सरळच गाईन की,” मी म्हटलं.

त्याच सुमाराला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं, झूमवर. आणि आपली माणसं ती, हळदीकुंकवालाही परीक्षक लागतो! ‘सोपी गाणी, वयोगट पंचेचाळीसच्या पुढे’ अशी स्पर्धा जाहीर झाली. हा वयोगट कोणासाठी काढला होता, ते न कळायला मी दुधखुळी नव्हते. मी आम्हा दोघींचं नाव दिलं. शनिवारी दुपारी कार्यक्रम, रविवारी आईचा वाढदिवस. तिथलंच रेकॉर्डिंग आईला पाठवू, एका दगडात दोन पक्षी. शेजारणीनं फक्त विचारलं, “परीक्षक कशाला?” मी म्हटलं, आमच्यात असतो.

शनिवारी दुपारी तीन वाजता कुंपणापाशी उभ्या राहिलो. एकमेकींच्या घरात जायची बंदी होती आणि दोन घरांतून झूमवर एकत्र गाता येत नाही, आवाज मागेपुढे होतो. टॅबलेट हिरव्या कचराडब्यावर टेकवला. मी पैठणीवर जाडजूड जॅकेट घातलेलं, तिनं राखाडी कोट घातलेला आणि लिपस्टिक लावलेली. मी तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला. आणि स्क्रीनमधून अध्यक्षीणबाई किणकिणल्या, “आता आपल्या काकू, एक छोटंसं, सोप्पं जपानी गाणं घेऊन!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोप्पं काय? थांब, दाखवते तुला सोप्पं.

पहिलं कडवं सरळ गायले. दुसऱ्यात आलाप घेतला. मग एक हरकत, मग मुरकी, मग खालच्या सप्तकात उतरून चांगली लांब तान. वरच्या सा च्या वाटेलाच गेले नाही, तेवढी अक्कल होती. स्क्रीनवरच्या चौकटींतले चेहरे जागे झाले, टाळ्यांची चित्रं उडायला लागली. परीक्षक म्हणाले, भूपाचं इतकं सुंदर दर्शन त्यांना अपेक्षित नव्हतं. पहिला नंबर. अध्यक्षीणबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जिरवली! पाच महिन्यांनी मला पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं.

शेजारीण कमरेत वाकली. “फार कुशल,” म्हणाली आणि टॅबलेट उचलून आत गेली. जपानमध्ये तेव्हा तारीख बदललीच होती, आईचा वाढदिवस लागला होता.

पुढचे चार दिवस तिच्या दोरीवर कपडे दिसले नाहीत. पाचव्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा मीच कुंपणापाशी जाऊन विचारलं, आईला आवडलं का? ती हसली. रागावलेला माणूस परवडला, असं ते हसू होतं. “आई म्हणाली, त्या बाई फार सुंदर गातात,” ती म्हणाली. “मग तिनं विचारलं, तू कधी गाणार?”

मी घरात येऊन मंडळानं पाठवलेलं रेकॉर्डिंग लावलं. मुलगी पाठीमागे येऊन उभी राहिली. मी कितीही मराठीत बोलले तरी ती उत्तर इंग्रजीतच देते, तशीच इंग्रजीत म्हणाली, त्याचा अर्थ असा, “मॅम, ती तर दुसऱ्या कडव्यातच थांबलीय. तुला कळलंच नाही?”

नव्हतंच कळलं. माझ्यापासून हातभर अंतरावर बाई गायची थांबली, हात पोटाशी धरून समोर बघत उभी राहिली, आणि मी डोळे मिटून ताना घेत होते. मला माझीच शिसारी आली. अध्यक्षीणबाई कितीही आगाऊ असोत, त्यांनी मला निदान गाऊ तरी दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी गुळपोळ्यांचा डबा घेऊन कुंपणापाशी गेले. आमच्याकडे माफी अशीच मागतात, तोंडानं मागायला जीभ रेटत नाही. पण या वेळी रेटली. म्हटलं, चुकले. परत गा. मी गप्प बसते.

“दुसऱ्या कडव्यात मी रडेन,” ती म्हणाली.

“रड. मी टॅबलेट धरते.”

ती गायली. पहिलं कडवं नेहमीसारखंच, खाली. दुसऱ्यात आवाज हलला, तिनं माझ्याकडे बघितलं. मला एक पंचम नुसता धरून द्यायचा होता, आतून अगदी उसळी आली होती. मी ओठ दातांत धरले. ती रडली, थांबली, नाक ओढलं, आणि पुन्हा तिथूनच उचलून शेवटापर्यंत गेली. शेवटचा षड्ज चांगला अर्धा सूर खाली लागला होता.

मी बटण दाबून रेकॉर्डिंग बंद केलं. तिनं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि सवयीप्रमाणे मान वाकडी करून विचारलं, “सूर?”

“बरोबर,” मी म्हटलं. “अगदी बरोबर.”

सुराच्या बाबतीत मी आयुष्यात ते एकदाच खोटं बोलले.