हवा खायला

काटकसरी बाई म्हणून कुणी माझं कौतुक केलं की मला तिथून उठून जावंसं वाटतं. घरच्यांना हे माझं खूळ वाटतं. वाटू दे. काटकसर हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो वडिलांच्या तोंडून, आणि ज्या कामासाठी त्यांनी तो वापरला ते काम मीच पुढं होऊन तडीस नेलं. तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, कुंभिवलीच्या शेजारचं. वडील तिथं शाळामास्तर होते. मोठी लढाई संपून एकदोन वर्षं झाली होती, पण लढाईनं आणलेली महागाई काही परत गेली नव्हती. मास्तरकीचा पगार आणि तीन खाचरांतलं भात एवढ्यावर आमचं चालायचं. घरात आम्ही चौघं. वडील, आई, मी आणि माझ्यामागून सात वर्षांनी झालेली बहीण. तिला सगळे धाकली म्हणायचे. ती खादाड होती. स्वतःची भाकरी संपवून माझ्या ताटात हात घालायची, आणि मी तिच्या हातावर चापटी मारायची.

आईचा एकुलता एक भाऊ माथेरानला एका शेटच्या बंगल्यावर माळी होता. बहीणभावांची भेट कधीतरी पावसाळ्यात व्हायची, तीही उभ्या उभ्या. त्या संक्रांतीला मामानं निरोप धाडला, की शेटची माणसं यंदा अक्षयतृतीयेनंतर यायची आहेत, त्याआधीचे आठ दिवस बंगल्यामागची माझी खोली तुमचीच समजा, पोरींना घेऊन हवा खायला या.

हवा खायला! आमच्या गावातून असं कुणी कधी गेलं नव्हतं. माथेरानचा डोंगर आम्हाला रोज दिसायचा, पण तो मुंबईच्या बड्या लोकांचा, असंच आम्ही धरून चाललो होतो. शेजारच्या काकीनं ऐकलं तेव्हा ती ओटीवर येऊन म्हणाली, "काय वो मास्तर, हितली हवा काय उष्टी हाय?" वडील हसले, पण त्यांच्या मनानं घेतलं होतं. लग्न झाल्यापासून आईला त्यांनी कुठंच नेलं नव्हतं, आणि भावाचा निरोप ऐकल्यापासून आई कामं करता करता मधेच थांबून डोंगराकडं बघत होती.

वडिलांनी पाटी घेतली आणि बेत मांडला. शेजाऱ्याची बैलगाडी लाकडं घेऊन कर्जतला जायची, तिच्यातून कर्जत. कर्जतहून नेरळपर्यंत रेल्वे. नेरळहून वर वडील आणि मी पायवाटेनं चढायचं. आईला चढाचा दम लागे, म्हणून तिनं धाकलीला मांडीवर घेऊन डोंगरावरच्या छोट्या गाडीनं यायचं. तांदूळ, नाचणीचं पीठ, कांदे आणि सुकट घरून न्यायची. वडिलांनी पान खायचं सोडलं. आईनं नव्या लुगड्याचा विषय सोडला. माझ्याकडं सोडण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी देखरेख करायची ठरवली. वडिलांनी चुकून पानाच्या डब्याकडं हात नेला तरी मी खाकरायची.

इतकं करूनही बेत एका ठिकाणी अडला. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला रेल्वेत तिकीट पडत नसे, आणि धाकलीला नेमकी त्या संक्रांतीला तीन पुरी झाली होती. तिचं अर्धं तिकीट, दोन गाड्यांचं, जाऊन येऊन, पाटीवर काही केल्या बसेना. वडिलांनी दोनतीनदा पुसून पुन्हा मांडलं. मग ते धाकलीकडं बघून म्हणाले, "हाडानं बारीक हाय. दोनाची म्हणून खपंल."

मी चमकले. शाळेत खोटं बोलणाऱ्याच्या हातावर छडी मारणारे हेच मास्तर. ते त्यांनी ओळखलं असावं. माझी नजर चुकवत म्हणाले, "ह्ये खोटं नव्हं गं. काटकसर हाय ही."

माजघरात भात साठवायची आमची कणगी होती, बांबूची, शेणानं सारवलेली, माझ्या डोक्याहून उंच. वडिलांनी धाकलीला तिच्याशी उभं केलं आणि तिच्या डोक्याच्या चार बोटं वर कोळशानं रेघ ओढली. "हितवर डोकं गेलं तर तिकीट पडलं बघ," ते थट्टेनं म्हणाले. त्यांच्या लेखी ती गंमत होती. वैशाखापर्यंत मूल चार बोटं थोडंच वाढतंय!

धाकलीला शिकवायचं काम मी मागून घेतलं. मी तिकीट मास्तर व्हायची, डोक्याला वडिलांचा जुना रुमाल गुंडाळायची आणि आवाज जाड करून विचारायची, "किती वर्सांची गं तू?" ती दोन बोटं वर करून ओरडायची, "दोन!" आधी तीन बोटं निघायची, मग तिसरं बोट ती दुसऱ्या हातानं दाबून बसवायची. पंधरा दिवसांत झोपेतून उठवून विचारलं तरी दोन म्हणायला लागली. आई हसून हसून बेजार व्हायची.

माथेरानला काय खायचं, हे धाकलीनं मला विचारलं होतं. मी म्हटलं हवा. ती कशी लागते? मी म्हटलं गोड.

फाल्गुन लागला तशी आई राबाच्या कामाला जायला लागली. भाताचं रोप पेरायच्या आधी जमीन भाजायची असते, त्यासाठी पालापाचोळा आणि फांद्या आणून पसरायच्या. वडील शाळेत, आई डोंगरउतारावर, त्यामुळं दुपारचं धाकलीला वाढायचं काम माझ्याकडं आलं. एका दुपारी तिनं तिसऱ्यांदा भाकरी मागितली. मला खेळायला जायची घाई होती. मी म्हटलं, "जास्ती जेवलीस का वाढशील. वाढलीस का रेघेला डोकं लागंल. मग तुला नाय नेणार. काकीकडं ठेवून आमीच जाणार."

एवढंच बोलले मी. भांडीसुद्धा न घासता पळाले.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली. मग रोजच ठेवायला लागली. जेवण झालं की कणगीला पाठ लावून उभी राहायची आणि हात डोक्यावर ठेवून मला विचारायची, "ताय, लागली?" मी म्हणायची, "नाय लागली. शाणी माजी बाय." एकदा मी तिला कणगीमागं भाकरीचा तुकडा टाकताना पाहिलं. आईनं ताटात उरलेलं पाहिलं तर ती भरवील, म्हणून ती लपवत होती. तिनं माझ्याकडं घाबरून बघितलं. मी ओठावर बोट ठेवून हसले. मला तिचा अभिमान वाटला. माझं ऐकणारं घरात कुणीतरी होतं, त्याचा तो अभिमान.

रात्रीचं आई भरवायची तेव्हा ती दोन घास खाऊन तोंड फिरवायची. आई दमलेली असे. "उन्हाळ्याचं पोरं जेवत नायत," ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. धाकली हलकी झाली होती. ते मला कळत होतं, कारण कडेवर मीच घ्यायची. मला वाटलं, बरंच आहे, खपून जाईल.

हनुमान जयंतीच्या आधी गावात गोवर आला. आमच्या आळीतल्या सातआठ पोरांना निघाला. काकीच्या दोन्ही नातवांना निघाला, आणि आठवड्यानं ते पुन्हा आंब्यावर दगड मारत होते. धाकलीचा गोवर मात्र बाहेर येऊन तसाच राहिला. ताप उतरेना. वडिलांनी खोपोलीहून वैद्य आणले. माणूस चांगला होता. तिला बोलतं करावं म्हणून त्यांनी विचारलं, "किती वर्षांची गं तू?" तिनं पांघरुणातून हात काढला. दोन बोटं वर केली.

वैद्य हसले. वडिलांनी मान खाली घातली.

मग वैद्यांनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि आईला विचारलं, "पोर जेवत नव्हती का?" आई म्हणाली, उन्हाळा हो, पोरं कुठं जेवतात. मी तिथंच चुलीपाशी बसले होते. मला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. मी चुलीत काटक्या सारत राहिले.

वैद्यांनी पेज पाजायला सांगितली. आईनं चमचा पुढं केला की धाकली ओठ घट्ट मिटायची आणि डोळ्यांनी मला शोधायची. आई पाणी आणायला उठली तेव्हा मी धाकलीजवळ गेले. तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "खा आता. बाबांनी तुजं तिकीट काडलंय." तिनं माझ्याकडं बघितलं. खरं का खोटं, ते ती बघत असावी. मग तोंड उघडलं. मी दोन चमचे पेज पाजली. तिसरा ओठावरून खाली आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

एवढं लहान मूल जाळत नाहीत. वडिलांनी आणि शेजारच्या काकांनी तिला आमच्या खाचराच्या कडेला आंब्याखाली पुरलं.

दोन दिवसांनी जन्ममृत्यूची वही घेऊन गावचे पाटील ओटीवर आले. वडील त्यांच्यासमोर बसले होते, मी दाराशी उभी होते. पाटलांनी विचारलं, "वय?" वडिलांच्या आधी माझ्याच तोंडून आपसूक निघालं, "दोन."

वडील ताडकन उभे राहिले. "नाय. तीन. तीन वर्सं आन् तीन म्हैने. समदं लिवा."

"म्हैन्याला जागा नाय, मास्तर," पाटील हळूच म्हणाले. "तीन लिवतो."

"म्हैने बी लिवा," वडील म्हणाले, आणि मग त्यांना रडू कोसळलं. मी वडिलांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. पाटलांनी कडेला बारीक अक्षरांत तीन महिने लिहिले आणि वही मिटली. मी आयुष्यभर वडिलांवर बारीकसारीक गोष्टींसाठी चिडले आहे, पण त्या काटकसरीसाठी मला त्यांच्यावर कधी चिडता आलं नाही. त्यांनी थट्टा केली होती. ती खरी करून दाखवणारी मी.

मामा डोंगर उतरून येऊन भेटून गेला. खोलीला चुना लावून ठेवला होता, असं म्हणाला, आणि मग असं का म्हणालो म्हणून स्वतःलाच बोल लावत बसला. माथेरानचं नाव आमच्या घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

पुढं मी एका डॉक्टरांना विचारलंही होतं, दुसऱ्याच कुणाची गोष्ट म्हणून. ते म्हणाले, गोवर धडधाकट मुलांनाही नेतो, कुणाला काय सांगता येतं? त्यांनी समजुतीनं सांगितलं. माझ्या ते काही उपयोगाचं नव्हतं.

ज्येष्ठात पावसाच्या आधी कणगी भिंतीपासून सरकवायची असते, नाहीतर ओल लागून भात खराब होतं. भात निम्म्यावर आलं होतं, म्हणून आई आणि मी दोघींनीच ती रेटली. मागं भिंतीच्या कडेला तुकडे होते. नाचणीच्या भाकरीचे, वाळून काळे पडलेले, एकाशेजारी एक. काहींवर तिच्या दातांच्या खुणा होत्या.

आई खाली बसली. तिनं एक तुकडा उचलून हातात फिरवला. "ह्ये काय गं?"

"उंदीर आसतील," मी म्हटलं.

"उंदीर खाईल गं. ठेवील कशाला?"

माझ्या खांद्याजवळ कणगीवर कोळशाची रेघ तशीच होती. आईनं वर बघितलं, रेघेकडं, मग माझ्याकडं. किती वेळ बघत होती, मला सांगता येणार नाही. मला वाटलं आता मारील. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. तिनं सगळे तुकडे एकेक करून वेचले, पदरात घेतले आणि त्यांची गाठ मारली.

"भूक लागली आसंल गं तिला," ती म्हणाली.

मी म्हटलं, "व्हय."

त्या दिवसापासून आई वारेपर्यंत, लग्नानंतर मी माहेरी गेले तरीही, माझं ताट रिकामं होईपर्यंत ती समोर बसून राहायची. शेवटचा घास मी गिळला की मगच ती स्वतःला वाढून घ्यायची.