लांडगे बाईंचं माप

२०१८ साल होतं आणि मला एकाहत्तरावं चालू होतं. त्या वयात एका बाईनं मला शाळेच्या मैदानावर चपला काढून वाकायला लावलं, तेही पन्नास पोरींसमोर. मंदा लांडगे त्यांचं नाव. इंदापूरकडच्या डाळज गावच्या. आमच्या गावच्या शाळेत मुलींना हॉकी शिकवायला वर्षाच्या कंत्राटावर आल्या होत्या. स्कूटीवरून यायच्या, डोक्याला घट्ट रुमाल, आणि खिशात एक जुनी लग्नपत्रिका. पत्रिका कुणाच्या लग्नाची ते मी कधी विचारलं नाही. काम मात्र बघितलं.

मुलगी खेळायच्या पवित्र्यात वाकली की बाई तिच्यासमोर मातीत गुडघे टेकायच्या आणि काठीच्या खालच्या वाकाखाली ती पत्रिका सरकवून बघायच्या. वाक जमिनीला सपाट टेकला असेल तर पत्रिका अडते. टोक उचललेलं असेल तर सुळकन आत जाते. आत गेली की बाई उठायच्या, हात झटकायच्या, म्हणायच्या, "ही तुझी न्हाय. ठेव तिकडं." रडणाऱ्या मुलीला दुसरं काही सांगायच्या नाहीत. लांबीचंही तसंच. काठी पायाशी उभी धरायची, वरचं टोक कमरेच्या हाडाशी यायला पाहिजे. बोटभर इकडंतिकडं त्या चालवून घ्यायच्या, चार बोटं नाही.

मी सुतार. चौथीतून शाळा सोडली आणि लाकूड तासायचा वाकस हातात घेतला. कुदळ, कुऱ्हाड, फावडं, या सगळ्या भागातल्या अवजारांना मी दांडे बसवलेत. माणूस दुकानात शिरला की त्याची उंची बघूनच मी लाकूड उचलायचो. तर अशा माणसानं नातीसाठी, साक्षीसाठी, बारामतीतून साडेसदतीस इंची हॉकीची काठी आणली. दुकानदार सांगत होता, पोरीला पस्तीस पुरे. मीच ऐकलं नाही. आमच्याकडं पोरांचं सगळं वाढत्या मापाचं घेतात. बूट एक नंबर मोठा, पुढं कापूस घालायचा. फ्रॉकला आत दुमड. काठीही बारावीपर्यंत टिकली पाहिजे, असा माझा हिशोब.

बाईंनी साक्षीला उभं केलं तर काठी बेंबीच्या वर आली. वाकवलं तर पत्रिका सोडा, अख्खी वही आत गेली असती. बाई म्हणाल्या, वरनं अडीच इंच कापून आणा. मी म्हणालो, नवी काठी कापायला आणली नाही, पोर वाढंल. तेव्हा त्यांनी मला चपला काढायला सांगितल्या. साक्षीची काठी माझ्या हातात दिली आणि वाकायला लावलं. मला ती बरोबर बसली.

"बघा," बाई म्हणाल्या, "काठी आजोबांची हाय. आता आजोबांनाच खेळवू." पोरी फिदीफिदी हसल्या. मग त्या जरा खाली आवाजात बोलल्या, "तात्या, तुमी सुतार ना? गड्याच्या मापाचा दांडा त्याच्या पोराच्या कुदळीला बसवून देता का?"

माझ्या धंद्यावरून मला शिकवत होती. मी काठी उचलली आणि साक्षीला हाताला धरून घरी आणलं. मला अजूनही तो राग आठवला की कानशिलं तापतात. फरक एवढाच की तेव्हा तो बाईंवर होता.

आठ दिवसांनी बारामतीला तालुक्याच्या संघाची निवड होती. बाईंनी निरोप धाडला की त्या काठीनं साक्षीला उतरवणार नाही. शाळेतली काठी घे आणि खेळ. साक्षी तयार होती. ती मला म्हणालीही, "आजोबा, ही पोटात टोचती." मी तिला म्हणालो, सवय होईल. सुताराच्या घरची पोर शाळेच्या उसन्या काठीनं खेळणार नाही.

मी शाळा समितीच्या अध्यक्षाकडं गेलो. त्याचंही बाईंशी बिनसलेलं होतं. त्यानं मोठ्या थाटात शाळेला तीस काठ्या भेट दिल्या होत्या, सगळ्या एकाच लांबीच्या. हार घालून फोटो काढले होते. बाईंनी त्यातल्या आठ ठेवल्या आणि बाकीच्या परत केल्या. तेव्हा मी दारात दिसल्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथंच कळायला पाहिजे होतं. त्यानं कारकुनाकडून अर्ज लिहवून घेतला. मुलींना मुद्दाम बाहेर बसवतात, हे मी सांगितलं होतं. त्याखाली त्यानं भर घातली, वयस्कर पालकांना शिवीगाळ करतात.

मी सावकाश वाचतो, पण वाचतो. ती ओळ मी वाचली. बाईंच्या तोंडून शिवी कधी कुणी ऐकली नव्हती. पोरीला रागावल्या तर "अगं म्हशी" म्हणायच्या, आणि तेवढ्यानं पोर हसायची. तरी मी सही केली. मला कुणी फसवलं असं मी सांगणार नाही.

दुसऱ्याच दिवशी बाईंना मैदानावर यायला बंदी झाली. निवडीला मुलींना घेऊन दुसरे मास्तर गेले, त्यांना कबड्डी कळायची. साक्षी माझीच काठी घेऊन उतरली. मी कडेला उभा होतो. ती वाकली की काठीचं वरचं टोक तिच्या पोटात रुतायचं, म्हणून ती हात लांब करायची. हात लांब केले की खालच्या वाकाचं टोक उचललं जायचं आणि चेंडू खालून निघून जायचा. एकदा, दोनदा, पाचदा. दांडा चुकीचा बसला की कुदळ मातीत न शिरता घसरते, ते मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो. आणि इथं बारामतीच्या मैदानावर, सगळ्या तालुक्यासमोर, ते माझ्या नातीच्या हातात घडत होतं. निवड झाली नाही. ती रडली नाही. येताना एसटीत तिनं काठी माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीकडं तोंड केलं.

मी घरी न जाता थेट बाईंच्या खोलीवर गेलो. त्या शाळेमागं एका खोलीत सामान ठेवायच्या. पिशव्या बांधून झाल्या होत्या. कंत्राट पुढं चालवणार नाही, असं कळवलं होतं समितीनं. मी म्हणालो, बाई, माझं चुकलं. मला वाटलं, एवढा म्हातारा माणूस दारात येऊन असं म्हणतोय म्हटल्यावर त्या म्हणतील, असू द्या तात्या.

त्या म्हणाल्या, "किती गेलं खालनं?"

"काय?"

"चेंडू."

मी सांगितलं, पाच मोजले, पुढं बघवलं नाही.

"मला ठाव होतं. म्हणून मी भांडत होते." त्यांनी पिशवीची गाठ ओढली. "आणि ही माफी हितं, दार लावून नका मागू. माझी शिवीगाळ गावानं ऐकली, न्हाय का? मी आता इंदापूरला नोकरी मागायला गेले की तितं मला तेच विचारतील. तुमी लिहून दिलंय तात्या. बोलून ते पुसत न्हाय."

मी म्हणालो, अर्ज कारकुनानं लिहिला होता.

"सही कुणाची?"

मी त्यांची पिशवी उचलायला वाकलो तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. स्कूटीला अडकवली आणि गेल्या. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. त्या माझ्यावर रागावूनच गेल्या आणि ते बरोबरच होतं. मला गोड बोलून सोडलं असतं तर मी घरी जाऊन जेवलो असतो आणि झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची पाणीपट्टीची सूचना पुसली. दूध घालायला आलेली माणसं समोर उभी होती. कुणी विचारलं, तात्या काय करता, तर मी मागं वळलो नाही. साठ वर्षांनी खडू हातात धरला होता, अक्षरं मोठी काढली. लांडगे बाईंनी मला शिवी दिली नाही. मी खोटी सही केली. काठीचं माप मी चुकवलं. खाली पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट, आणि शेवटचा माणूस वाचून जाईपर्यंत फळ्याशेजारी उभा राहिलो.