यवनाचं टाकं

“बोलत ऱ्हा, सूनबाई. गप बसायचं ते घरी.”

पिंपरी पेंढारच्या फाट्यावर मी एसटीतून उतरले की तात्यांचं पहिलं वाक्य हेच. मग ते घसा खाकरायचे, वन खात्याच्या ‘बिबट्यापासून सावधान’ या पाटीवर काठी आपटायचे आणि आम्ही वस्तीच्या वाटेला लागायचो. वाटेच्या दोन्ही अंगांना माणूस बुडेल एवढा ऊस. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात, आणि संध्याकाळी तेही जरा हळूच म्हणतात.

तात्या नात्याने माझे कोणी नव्हते. पाटाच्या चारीपलीकडे त्यांचं घर, त्यात ते एकटे. मी आळेफाट्याला कापडाच्या दुकानात कामाला, नवरा चाकणला कंपनीत दुसऱ्या पाळीला. हिवाळ्यात माझी गाडी येईपर्यंत अंधारून यायचं. माणसाचा आवाज आला की वाघ बाजूला होतो, असं वन खात्याची माणसं सांगून गेली होती, म्हणून जो तो मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालतो. तात्यांना ते मुळीच पटायचं नाही.

“गाण्याला सरावलाय त्यो. गोष्ट त्याला रोज नवी लागती.”

आणि गोष्टी तरी कसल्या! राजे, लढाया, गड घेतले न् दिले, यातलं काही नाही. तरुणपणी ते जुन्नरच्या लेण्यांवर येणाऱ्या अभ्यासकांच्या पिशव्या वाहायचे. तिथे कानावर पडलं त्यात स्वतःचा मीठमसाला घालून त्यांनी आपला एक इतिहास तयार केला होता. त्यातलं किती खरं, याची हमी मी देणार नाही. तुम्हीही घेऊ नका.

जुन्नरला पूर्वी चिंध्या कुटून कागद करायचे, हे त्यांचं आवडतं. “आपल्या कुणातरी आज्याचं फाटकं धोतार बादशाच्या हातात गेलं आसंल, हुकूम व्हऊन. आन् बादशा त्यावं शिक्का मारतोय!” नाणेघाटात एका राणीने आपण दान दिलेल्या गाई, हत्ती, घोडे सगळं गुहेच्या भिंतीवर कोरून ठेवलंय. त्यावर तात्या म्हणायचे, “आमच्या हिच्या हातात छिन्नी दिली आसती तर हळदीकुंकवाचं वाण बी कोरून ठिवलं आसतं. कुणी परत दिलं न्हाई, ते निराळं.”

मी हसायचे, पण माझा एकच कान तात्यांकडे असे. दुसरा उसात. पाचट जरा वाजलं की मी तात्यांच्या जवळ सरकायचे. तात्यांनाही ते ऐकू जायचं, कारण तेवढ्यात राणीचे हत्ती एकदम मोठ्याने चालायला लागायचे.

आमचं दार आलं की ते गोष्ट तिथेच तोडायचे. “उरलेलं उद्या.” मग पाठ फिरवून एकटेच बोलत बोलत आल्या वाटेने चारीकडे निघायचे. मी ओट्यावर उभी राहून तो आवाज ऐकायचे. पलीकडे त्यांच्या दारातला दिवा लागला की मगच मी चपला काढायचे. सासूबाई चिडायच्या, पण त्याही दारातच उभ्या असायच्या.

त्यांची एक गोष्ट मात्र मला फार छळायची. समुद्रापलीकडून आलेला एक यवन, म्हणजे ग्रीक. नाणेघाट चढून जुन्नरला आला, तो परत गेलाच नाही. पदरच्या पैशाने डोंगरात पाण्याचं टाकं खोदवलं. ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल, पण टाक्याला पाणी लागलं की आमचं घर यायचं. दुसऱ्या दिवशी तात्या भलतंच काही काढायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, “तात्या, काय झालं हो त्याचं? घरदार सोडून का राहिला तो इथं?”

त्या वाटेवर तात्या गप्प झाले, म्हणून मीच मोठ्याने घसा खाकरला.

“घरचीला सांगितली व्हती शेवटापतुर,” ते म्हणाले. “वैरण घिऊन येत व्हतो. चारीवरल्या मोरीपाशी गोष्ट संपली. ती लई हसली. म्हनली, झालं का? मी म्हनलो, झालं. मग बोलायला काय उरलंच न्हाई गं. दोघं बी आपले गप. तिच्या चपलेचा अंगठा तुटला, म्हनून ती वाकली...”

वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पुढचं मी विचारलं नाही. त्यांनीच काठी आपटली आणि जुन्नरच्या कागदावर आले.

यंदाच्या थंडीत एका संध्याकाळी ते मला सोडून निघाले. राणीचे हत्ती चारीपर्यंत गेले आणि आवाज थांबला.

“तात्या!” मी हाक मारली. ओ नाही. सासूबाईंनी थाळी बडवायला सुरुवात केली आणि मी बॅटरी घेऊन ओरडत पळाले.

ते मोरीवर, त्या छोट्या पुलाच्या कठड्यावर बसले होते. अंगावर ओरखडाही नव्हता. वाघ नाही हे बघून मला इतका आनंद झाला की त्यांचा हात छातीवर आहे हे आधी दिसलंच नाही. कपाळ घामाने निथळत होतं. मी शेजारच्या भाऊंना फोन लावला, ते पिकअप घेऊन निघाले.

“तात्या, बोलत राहा.”

“तू बोल,” ते पुटपुटले.

मला दुसरं काही सुचेना. “एक यवन होता. घाट चढून आला...”

“समुद्रापल्याडचा,” त्यांनी दुरुस्ती केली.

“समुद्रापलीकडचा. त्यानं डोंगरात टाकं खोदवलं. टाक्याला पाणी लागलं...”

“पानी लागलं, आन्...” तात्या म्हणाले. ते शेवट सांगायला निघाले होते. मी झटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“नको तात्या. उरलेलं उद्या.”

माझ्या हाताखाली ते हसले. ते हाताला कळलं. मग पिकअपचा उजेड आला. नारायणगावच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते गेले होते.

नंतर एका सुट्टीला मी जुन्नरला जाऊन ते टाकं पाहून आले. पाणी आहे त्यात, गार, काळंभोर. तिथल्या राखणदाराला विचारलं, तर म्हणाला, “दगडावर दान दिलं येवढंच लिवलंय, ताई. म्होरलं कुनाला ठावं?”

आता मी एकटीच मोठ्याने बोलत येते. मोरीपाशी टाक्याला पाणी लागतं. तिथून दारापर्यंत मी तेच ते घोळवत राहते, पाणी लागलं, आणि, पाणी लागलं, आणि. शेवट मला येत नाही, आणि स्वतः रचायची छातीही होत नाही.

ओट्यावर पोहोचले की मागे वळून बघते. चारीपलीकडे अंधार असतो. बराच वेळ झाला की सासूबाई आतून म्हणतात, “काढ आता चपला.”